येळवशीची आंबील आणि मनाचे आरोग्य

मार्गशीर्ष वद्य अमावस्येच्या दिवशी दहा-अकराच्या सुमारास बाहेरगावचा एखादा मनुष्य लातूर शहरात उतरला, तर येथे काही आक्रीत घडले असावे अशीच त्याची समजूत व्हावी. गंजगोलाईला येऊन मिळणारे सोळा रस्ते एरव्ही माणसांनी आणि हातगाड्यांनी तुंबलेले असतात. त्या दिवशी तेथे चिटपाखरू दिसत नाही. दुकानांना कुलपे, शाळा बंद, कचेऱ्यांना जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर केलेली स्थानिक सुटी. चहाची टपरी उघडी मिळणेही दुरापास्त. संचारबंदी पुकारल्यासारखी ही शांतता पाहून पाहुणा गोंधळतो आणि कोणास विचारावे, तर विचारावयासही माणूस नसतो. सारे शहर शिवारात गेलेले असते.

हीच वेळ अमावस्या. बोलीत तिला येळवस म्हणतात. लातूर आणि धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) हे जिल्हे, नांदेड जिल्ह्यातील लातूरला लागून असलेला लोहा, कंधार, मुखेड, देगलूरकडचा भाग, आणि सीमेपलीकडे बीदर व कलबुर्गी, असा या सणाचा मुलूख आहे. पुण्या-मुंबईच्या पंचांगात ही अमावस्या इतर अमावस्यांसारखीच एका ओळीत उरकलेली असते. येथे मात्र दिवाळीला न आलेला मुलगा येळवशीला येतो. नावाचे मूळ कन्नडमध्ये आहे, याविषयी फारसा वाद नाही. कन्नडमध्ये ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ आणि ‘एळु’ म्हणजे सात; कोणी तिळाशी नाते जोडतात, कोणी सातव्या अमावस्येशी. आम्हांस त्या वादात शिरण्याचे कारण नाही. तीळ तर ताटात असतोच.

या सणाविषयी दरवर्षी पुष्कळ लिहिले जाते. पांडवांची पूजा, कडब्याची खोप, आंबिलीचे शिंपण यांची वर्णने वाचकांना पाठ झाली असतील. आज आम्ही या सणाकडे थोडे निराळ्या बाजूने पाहणार आहोत. शरीराला काय लागते आणि मनाला काय लागते, याची विचारणा अलीकडे घरोघर सुरू झाली आहे. रक्तातील साखर, रक्तदाब, निद्रानाश, उदासपण ही नावे आता खेड्यातील ओट्यावरही ऐकू येतात. या विचारणेचे बरेचसे उत्तर आपल्याच एका अमावस्येच्या ताटात आणि त्या ताटाभोवती बसणाऱ्या पंगतीत आहे, असे आमचे मत आहे. पण ते ताट आता पूर्वीसारखे शेतातून येत नाही, आणि पंगतीतून काही माणसे न कळत गळू लागली आहेत. त्याचीही वाच्यता झाली पाहिजे.

आधी ताट पाहू. स्वयंपाकाची सुरुवात दोन-तीन दिवस आधी शेंगा सोलण्यापासून होते. तुरीच्या, वालाच्या, पावट्याच्या, वाटाण्याच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, यांचे ढीग अंगणात पडतात आणि आजीपासून नातवापर्यंत सर्वांची बोटे हिरवी होतात. या सोल्यांत मेथी, चुका, चाकवत, कांद्याची पात, करडईची कोवळी पाने, गाजर, जे मिळेल ते पडते. चिंचेचा कोळ, हरभऱ्याच्या डाळीचे पीठ आणि लसूण-मिरचीचे वाटण घालून ते सारे शिजवितात. हीच भज्जी. पश्चिम महाराष्ट्रातील पाहुणे नाव ऐकून तळलेल्या भज्यांची वाट पाहत बसतात आणि पुढे हिरवट, आंबूस, दाट पदार्थ आलेला पाहून क्षणभर हिरमुसतात. पहिल्या घासानंतर हिरमुसलेला मनुष्य आम्ही पाहिलेला नाही. तिच्याबरोबर बाजरीचे वाफवलेले उंडे, रोडगे, तिळाच्या आणि शेंगदाण्याच्या पोळ्या, आंबट भात, वांग्याचे भरीत, गव्हाची गूळ घातलेली खीर, आणि या सर्वांच्या आधी व नंतर आंबील.

आंबिलीची कृती सोपी आहे, पण तिला वेळ द्यावा लागतो. ज्वारीचे पीठ पाण्यात शिजवून, निववून, त्यात भरपूर ताक घालतात. लसूण, आले, जिरे, मिरची आणि मीठ पडते, आणि हे मिश्रण मातीच्या बिंदगीत रात्रभर राहते. ताकातील जिवाणू रात्रभर आपले काम करतात. ज्वारी-बाजरीसारख्या धान्यांत लोह आणि इतर खनिजे असतात, पण त्याच धान्यातील एक आम्ल त्यांना बांधून ठेवते आणि शरीराला सहजी मिळू देत नाही. आंबविण्याच्या क्रियेत हे बंधन काही अंशी सैल होते, हे आहारशास्त्राने सिद्ध केले आहे. भज्जीतील हिरवा पाला आणि चिंचेचा आंबटपणा, जाता-येता खाल्लेली बोरे, यांमुळेही लोह अंगी लागण्यास साहाय्य होते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात लोहाची उणीव दर्शविणारा पंडुरोग आढळला. त्या पार्श्वभूमीवर आंबील हे केवळ नैवेद्याचे पेय न मानता आठवड्यातून दोनदा करावे, असे कोणी सांगितले तर ते वावगे ठरणार नाही.

बिंदगी मातीचीच का, याचाही विचार करावा. आंबट पदार्थ बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यात रात्रभर राहिला तर कळकतो आणि तो पोटात गेल्यास मळमळ, उलट्या होतात. कल्हईवाल्याची हाक आता गल्लीत ऐकू येत नाही. तेव्हा ज्यांच्या घरी बिंदगी नाही त्यांनी पोलादी भांडे घ्यावे; आजीच्या वेळचा पितळी हंडा हौसेने काढू नये. हौस एका दिवसाची असते, पण पोट बिघडते ते ऐन सणात.

आता ज्वारीविषयी एक गोष्ट सांगणे आम्ही आवश्यक समजतो, कारण हल्ली भरडधान्यांचा गौरव इतका चालला आहे की दुसरी बाजू झाकली जाते. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, आणि तेव्हापासून शहरांतील श्रीमंत ताटांतही भाकरी आली. हे चांगलेच झाले. परंतु आपल्या शेजारच्या हैदराबादेत, जेथे पुढे राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने प्रसिद्ध झालेली प्रयोगशाळा आहे, तेथे डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० च्या सुमारास दख्खनच्या पठारावरील गरिबांत एक रोग पाहिला. पेलाग्रा हे त्याचे नाव. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे चट्टे पडतात, जुलाब होतात, आणि पुढे मन उदास, भ्रमिष्ट होते. हे रुग्ण मुख्यतः ज्वारीवर जगणारे होते. ज्वारीतील प्रथिनांच्या एका विशिष्ट घटकाच्या आधिक्यामुळे शरीरातील एका जीवनसत्त्वाचा तोल बिघडतो, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. त्या सिद्धान्तावर पुढे मतभेद झाले; पण नुसत्या भाकरीवर आणि मिरचीवर दिवस काढणाऱ्याचे शरीर आणि मन दोन्ही खचतात, एवढे त्या रुग्णांनी दाखवून दिले.

अन्नाचा परिणाम मनावर होतो, हे सांगावयास यापेक्षा जवळचे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. आणि आता येळवशीचे ताट पुन्हा पाहावे. ज्वारी आहे, पण तिच्या जोडीला चार-पाच प्रकारची कडधान्ये हिरव्या रूपात आहेत. ज्वारी-बाजरीच्या प्रथिनांत जे उणे असते ते कडधान्य भरून काढते. शेंगदाण्यात आणि तिळात पेलाग्रावर उपयोगी पडणारे तेच जीवनसत्त्व आहे, तिळात चुना आहे, ताक आहे. ज्यांनी हे ताट प्रथम मांडले त्यांना जीवनसत्त्वांची नावे माहीत असण्याचे कारण नव्हते. शेतात त्या दिवसांत जे जे उभे होते ते ते त्यांनी एका भांड्यात घातले. शेतात विविधता होती, म्हणून ताटात आली.

आयुर्वेदाच्या दृष्टीनेही हा काळ खाण्याचाच. ही अमावस्या डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत केव्हाही येते; म्हणजे हेमंत ऋतू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ऋतुचर्येत हेमंतात जठराग्नी बलवान असतो, म्हणून त्यास पुरेसे इंधन मिळाले पाहिजे, असे सांगितले आहे. त्यात दिवसभराचे कोवळे ऊन, बांधांवरून चालणे, मुलांचे झाडाला बांधलेले झोके. शहरात बारा महिने छपराखाली बसणाऱ्याला एवढे ऊन वर्षातून दुसऱ्या कोणत्या सणाला मिळते?

मात्र ‘सणाला काही बाधत नाही’ ही समजूत आम्हांस मान्य नाही. मधुमेह असलेल्याने खिरीची वाटी आणि तिळाची पोळी यांपैकी एकच घ्यावी. गूळ साखरेपेक्षा निराळा असला तरी रक्तातील साखर तोही वाढवितो. रक्तदाबाच्या रुग्णाने आंबिलीत मीठ बेताचे घालण्यास घरात सांगून ठेवावे. हरभऱ्याचे डहाळे उपटून तेथेच खाण्याची गंमत थोर आहे, पण अलीकडे घाटेअळीसाठी फवारणी होते. मुलांना रानात सोडण्यापूर्वी शेतमालकास ‘फवारले कधी’ एवढे विचारावे. आणि आग्रह! आग्रह हा मराठवाड्याचा गुण आहे, तसाच तो दोषही आहे. पोट भरले असे पाहुणा दोनदा सांगतो तेव्हा ते खरे मानावे, ही आमची यजमानांना विनंती.

याहून अवघड विषय स्वयंपाकाचा आहे. वर सांगितलेले दहा-पंधरा पदार्थ कोण करते? आदल्या रात्री चूल विझत नाही आणि घरची बाई झोपत नाही. सकाळी तीच डोक्यावर टोपली घेऊन निघते, शेतात वाढते, आणि तीच शेवटी बसते. पंडुरोगाची वर दिलेली आकडेवारी जिच्याविषयी आहे ती हीच बाई. शेंगा सोलताना सारे घर बसते, मग उंडे वळताना का बसू नये? काही घरांत पुरुष मंडळी भज्जीचे भांडे स्वतः चुलीवर चढवितात आणि त्याचा अभिमानही बाळगतात. अशी घरे वाढावीत. शेतात गेल्यावर पहिली पंगत बायकांची बसविली आणि पुरुषांनी वाढले, तर पांडवांचा त्यास विरोध असण्याचे कारण दिसत नाही. अज्ञातवासात प्रत्यक्ष भीम विराटाच्या घरी स्वयंपाकी होता.

शेतात पोचल्यावर कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभी करतात, तीत चुन्याने रंगविलेले दगड पांडव म्हणून मांडतात, लक्ष्मीची पूजा होते, आणि पारंपरिक आरोळी देत पिकातून आंबील शिंपडली जाते. ज्वारी या सुमारास पोटऱ्यात आलेली असते, हरभरा घाट्यांनी भरलेला असतो. अमावस्येच्या आदल्या दिवशी नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील माळेगावी खंडोबाची यात्रा भरते; घोडे, गाढवे, उंट यांच्या बाजारासाठी ती दूरवर प्रसिद्ध आहे आणि भटक्या जमातींचा तो मोठा मेळा आहे. माळेगावच्या भंडाऱ्याने पिवळा झालेला मनुष्य दुसऱ्या दिवशी आपल्या शेतात खोपीपुढे बसलेला दिसतो. दोन दिवसांत तो जितक्या माणसांशी बोलतो तितक्यांशी एरव्ही दोन महिन्यांतही बोलत नसेल.

येळवशीचे खरे वैशिष्ट्य आम्हांस येथे दिसते. या दिवशी रस्त्याने जाणाऱ्यास हाक मारण्याची रीत आहे. “ओ मामा, या की, आंबील पिऊन जा,” ही हाक ओळखीच्या माणसाला जशी जाते तशीच अनोळख्यालाही जाते. ज्याला शेत नाही तो ज्याला शेत आहे त्याच्या खोपीत जेवतो. लातूर हे आता शिकवण्यांचे शहर झाले आहे. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून मुले-मुली येथे खोल्या घेऊन राहतात. येळवशीला त्यांच्या खाणावळीही बंद असतात. घरापासून दूर, परीक्षेच्या धास्तीत वर्ष काढणाऱ्या या मुलांना घरमालकाने वा शिक्षकाने आपल्या शेतात नेले, तर सतरा वर्षांच्या मुलाला त्या एका दिवसात काय मिळते, हे ज्यांनी नेले आहे त्यांना विचारावे. जे नेत नाहीत त्यांनी यंदा न्यावे.

एका पंगतीत बसण्याचे बळ नांदेडला वेगळे सांगावे लागत नाही. गुरू गोविंदसिंह १७०८ साली येथे आले आणि येथेच त्यांचे निर्वाण झाले. महाराजा रणजितसिंहांच्या काळात, १८३२ ते १८३७ या वर्षांत, सचखंड हजूर साहिबची वास्तू उभी राहिली, आणि तेथील लंगरमध्ये नाव-गाव न विचारता जेवू घालण्याची परंपरा चालू आहे. तेथे जे रोज घडते ते येळवशीला एक दिवस साऱ्या शिवारात घडते.

पण ज्या शेतात ही पंगत बसते, ते शेतच बदलले आहे. पूर्वी खरिपात तुरीच्या जोडीला मूग, उडीद, तीळ, अंबाडी, आणि रब्बीत ज्वारीच्या कडेने करडई, जवस, मध्ये हरभरा, असे पीक उभे असे. १९९० नंतर या भागात सोयाबीन पसरले. रोख पैसा देणारे ते पीक, शेतकऱ्याने घेतले यात त्याचा दोष नाही. लातूरची बाजारपेठ आज सोयाबीनसाठी ओळखली जाते. तथापि सोयाबीन भज्जीत पडत नाही, त्याचा कडबा होत नाही, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास ते कापून निघाले की पुढे हरभरा पेरला नाही तर येळवशीला शेत उघडे. मग शेंगा बाजारातून येतात. सणाच्या आधीच्या दिवसांत भाजीबाजारात जी गर्दी उसळते आणि वाल-वाटाण्याचे भाव जे चढतात, त्यात शेतकरीही ग्राहक म्हणून उभा असतो. खोपीसाठी कडबा मिळत नाही म्हणून ताडपत्री वा जुनी लुगडी ताणतात. आम्ही सोयाबीनविरुद्ध मोहीम काढा असे म्हणत नाही. एक एकर नव्हे, चार गुंठे, घरच्या भज्जीपुरते, मिश्रपिकाला ठेवावेत, एवढेच सुचवितो. वर्षभर घरात डाळ, तीळ आणि ज्वारी आपली राहील, आणि डॉक्टर ज्यासाठी चिठ्ठी लिहून देतो त्यातले थोडे चार गुंठ्यांत उगवेल.

दुष्काळात तर तेवढेही राहत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी लातूरला आणावी लागली होती, हे अद्याप कोणी विसरलेले नाही. तशा वर्षी अमावस्या येते तेव्हा शेतात जाऊन पाहावयाचे काय, असा प्रश्न पडतो. कर्ज, करपलेले पीक, मुलीचे लग्न, यांनी ग्रासलेला मनुष्य प्रथम चारचौघांत बसणे सोडतो. पारावर येत नाही, लग्नाला जात नाही, जेवण कमी करतो, रात्री जागा असतो, आणि ‘आता माझे काही राहिले नाही’ अशी भाषा बोलू लागतो. मराठवाड्यात आत्महत्यांच्या बातम्या आपण पुष्कळ वाचल्या. त्या घरांतून आधीच्या येळवशीला कोणी बोलावणे केले होते काय, हा प्रश्न कोणा एकाला दोष देण्यासाठी आम्ही विचारीत नाही. या सणात हाक मारण्याची जी रीत आहे ती रस्त्यावरील वाटसरूसाठी आहे. दार लावून घरात बसलेल्यापर्यंत ती पोचत नाही. त्याच्या दारी जावे लागते.

तीच गोष्ट दुखवट्याच्या घराची. वर्षाच्या आत माणूस गेले असेल तर त्या घरी सण करीत नाहीत, ही रूढी आहे. सण करू नये हे समजू शकते. त्या घराने एकटे जेवावे असे कोठे सांगितले आहे? ज्या घराला सोबतीची सर्वांत अधिक गरज, तेच घर त्या दिवशी रिकाम्या गल्लीत उरते.

किल्लारीच्या बाजूला हा विषय अधिक खोल जातो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला, तेव्हा लोक गणेशविसर्जन करून नुकतेच झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती त्यांच्यावर कोसळल्या. हजारो माणसे गेली. येळवस त्यानंतर अवघ्या तीन-साडेतीन महिन्यांवर होती. पुढे गावे नव्या जागी वसली. जमिनीच्या प्रमाणात २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली, आणि त्या वाटपात जुन्या गल्ल्यांमधील भिंतीला भिंत लागून असलेला शेजार ठिकठिकाणी तुटला. घर मजबूत मिळाले, पण संध्याकाळी ओट्यावर येऊन बसणारे माणूस गावाच्या दुसऱ्या टोकाला गेले. शेते मात्र होती तेथेच राहिली. बांधाला बांध लागून असलेले जुने शेजारी अमावस्येला आपापल्या खोपीतून एकमेकांस हाक मारू शकत होते. मनाच्या जखमांवर औषधोपचार लागतो हे आम्ही नाकारीत नाही. पण ज्याने तेच दुःख पाहिले आहे त्याच्याबरोबर एका चटईवर बसून जेवणे, हेही उपचारात धरले पाहिजे.

आणि जेथे सोबत पुरी पडत नाही तेथे वैद्याकडे जाण्यात कमीपणा मानू नये. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला मिळतो. ‘टेलिमानस’ ही दूरध्वनीवरील सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक असून बोलण्यास पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक घरातील पंचांगाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. तिथी पाहताना तो डोळ्यांखालून जाईल.

दुपार कलते तसे शेतातील आवाज थोडे निवतात. म्हातारी माणसे झाडाच्या सावलीत आडवी होतात, बायकांना झोक्यावर बसण्यास आता कोठे सवड मिळते, मुले बोरांच्या झाडांखाली असतात. दिवस मावळताना हेंडगा पेटवितात. पेटता पलिता घेऊन पोरे पिकाभोवती धावतात आणि दूरवरच्या शिवारांतून तसेच ठिपके फिरताना दिसतात. मग बैलगाड्या, फटफट्या, ट्रॅक्टर यांची रांग गावाच्या वाटेला लागते. दुसऱ्या दिवशी लातुरात दुकानांच्या फळ्या निघतात, कचेऱ्या उघडतात, आणि दुपारच्या सुटीत डब्यांतून कालची भज्जी बाहेर येते. ती नीट उकळून आणलेली असावी. शिळी भज्जी ताजीपेक्षा चवदार, असे येथील खवय्यांचे ठाम मत आहे आणि ज्या सहकाऱ्याला काल शेतात येता आले नाही त्याच्या डब्याच्या झाकणात तिचा पहिला वाटा पडतो. आंबील मात्र बहुधा कोणाकडे उरलेली नसते.